फारुकचाचांची फुंक

इंदापूरच्या बँडमध्ये फारुकचाचांनी चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. अडुसष्टाव्या वर्षी न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी सोडताना त्यांना श्वासाच्या व्यायामासाठी एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. त्यात तीन निळे चेंडू होते. आठ दिवस चाचा नळी तोंडात धरून फुंकत राहिले, पण एकही चेंडू हलला नाही.

"संपला माझा दम," ते बायकोला, करिमाचाचींना म्हणाले. "इंद्रजितला निरोप दे. क्लॅरिनेट घिऊन जा म्हणावं."

संध्याकाळी बँडमालक इंद्रजित आला. क्लॅरिनेटची पेटी पुसून दारातच ठेवली होती.

"मला दाखवा तरी, कसं करताय," तो म्हणाला.

चाचांनी गाल फुगवले.

"अवो चाचा, माझ्या आईला हेच दिलं हुतं! ह्यात फुंकायचं न्हाय, श्वास आत वढायचा!"

"आँ?"

चाचींनी कपाळावर हात मारला. "नर्सबाई सांगत हुती, तवा ह्यांनी नुसती मान हलवली. नळी दिसली की लागले फुंकायला!"

चाचांनी श्वास ओढला. पहिला चेंडू वर गेला, दुसरा थरथरत गेला, तिसरा तळाशीच राहिला. खोकत खोकत ते भिंतीला टेकले.

"दोनच. वरातीत चालत वाजवणं आता न्हाय व्हायचं, इंद्रजित."

"मग हळदीला बसून वाजवा."

"बघू," चाचा डोळे मिटून म्हणाले. पण हात लांब करून त्यांनी दारातली पेटी आत घेतली.