मागची खोली

मायक्रॉनकाका कुठल्याही वस्तूवरून आधी अंगठ्याचं नख फिरवत आणि मगच बोलत. टेबल असो, जिन्याचा कठडा असो, नाहीतर कुणाच्या हातातली नवी किल्ली. "हितं खड्डा हाय," म्हणत. आम्हाला काही दिसत नसे. पण मापाचं गेज लावून पाहिलं की खड्डा असायचाच. केसाहून बारीक फरक त्यांच्या नखाला कळे, म्हणून भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांनी त्यांचं हे नाव पाडलेलं. पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर भोसरीत दोन लेथ टाकून ते स्वतःचं वर्कशॉप चालवत.

चाकण रस्त्याला सरकारी मदतीने टेक्नॉलॉजी पार्क उभारायचं ठरलं, तेव्हा मी प्रकल्पाच्या ऑफिसात नकाशे काढायला कंत्राटावर लागले होते. लहान उद्योजकांची पहिली सभा झाली. भाषणं झाली, समोसे संपले, माणसं पांगली. काका तेवढे मागे राहिले. माझ्या स्क्रीनवर इमारतीच्या एका खोलीत 'सामायिक तपासणी प्रयोगशाळा' असं लिहिलं होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "पोरी, ही खरंच हुणार?"

"नकाशात आहे म्हणजे होणार, काका."

त्यांच्यासाठी ती खोलीच सगळा पार्क होती. लहान वर्कशॉपवाल्यांकडे बारीक मोजमापाचं मशीन नसतं. पार्ट बाहेर तपासायला पाठवायचा, आठ-आठ दिवस थांबायचं, तोवर ऑर्डर दुसऱ्याकडे जायची. "आमी काम चोख करतो," काका म्हणायचे, "पर चोख हाय हे दाखवायचं कुटं?"

तेव्हापासून दर शनिवारी ते डबा घेऊन बसने यायचे. माझ्या शेजारी खुर्ची ओढून नकाशा तपासायचे. मी घाई केली की म्हणायचे, "कागदावर चुकलं तर खोडरबर हाय. लोखंडावर चुकलं की भंगार." एकदा त्यांनी पाण्याने भरलेली स्टीलची वाटी रस्त्याकडच्या फरशीवर ठेवली आणि आम्हा सगळ्यांना भोवती उकिडवं बसवलं. बाहेरून ट्रक गेला. पाणी थरथरलं. "असं मशीन हललं तर माप काय कप्पाळ येनार?" प्रकल्पाचे साहेब हसले, पण प्रयोगशाळा इमारतीच्या मागच्या बाजूला गेली. पाया वेगळा धरला. साहेब पाहुण्यांशी ओळख करून देताना "आमचे सल्लागार" म्हणत, तेव्हा काका खाली बघत शर्टाची बटणं चाचपायचे.

मुलगा वर्कशॉप बंद करा म्हणून मागे लागला होता. काकांनी त्याला थोपवून धरलं. आणखी दहा-बाराजणांना त्यांनी असंच धीर देऊन थांबवलं होतं. "खोली हुईस्तवर दम काढा."

मग साहेब बदलले. नव्या साहेबांनी प्रयोगशाळा काढून तिथे मोठ्या पडद्यांचं प्रदर्शन दालन करायला सांगितलं. पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं, म्हणाले. ती खोली मी माझ्या हाताने पुसली. साहेबांनी जाताजाता बजावलं, "त्या काकांना इतक्यात सांगू नका. उद्घाटनाला त्यांची माणसं लागतील."

मी बोलले नाही. नोकरी दर सहा महिन्यांनी नव्याने मिळायची, हे एक कारण. दुसरं असं, की मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नसतं. चार महिने दर शनिवारी मी त्यांना जुना नकाशा उघडून दाखवत राहिले, आणि ते त्यात दुरुस्त्या सुचवत राहिले.

उद्घाटनाला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. हातात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला एक पार्ट. पहिलं माप त्याचं घ्यायचं होतं. ते थेट मागच्या खोलीत गेले. भिंतभर पडद्यावर चकचकीत यंत्रं फिरत होती.

"मशीन कुटं हाय?"

मी सांगितलं.

"तुला कवापासून ठाव?"

"चार महिने."

ते ओरडले नाहीत. पार्टला पुन्हा फडकं गुंडाळत म्हणाले, "सायबाचं सोड. तू सांगायचंस गं."

त्यानंतर ते कधीच आले नाहीत. वर्षाच्या आत लेथ विकल्याचं कळलं. मी रावेतला मुलाच्या फ्लॅटवर भेटायला गेले. सातव्या मजल्यावर खिडकीशी बसले होते. "चहा घे," म्हणाले, माझी नोकरी टिकली का विचारलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "असू दे." त्या दोन शब्दांपेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या थंडीत ते गेले. दहाव्याला भोसरीचे वर्कशॉपवाले आले होते. त्यांतल्या एकाने मला ओळखलं. "मॅडम, प्रयोगशाळेचं कुठवर आलं? काका म्हणायचे मशीन अडकलंय, दोन महिन्यांत येतंय. आम्ही तिघंचौघं अजून तग धरून आहोत."

उद्घाटनाचा दिवस उलटून दीड वर्ष झालं होतं. जे मला काकांना सांगता आलं नाही, ते त्यांनाही या माणसांना सांगता आलं नव्हतं.

"प्रयोगशाळा होणार नाही," मी म्हणाले. "ती कधीच रद्द झाली."

मग त्याने हळूच विचारलं, "काकांना हे ठाऊक नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणाले.