तीन पक्षांचं तिकीट आणि इस्तारीभाऊंचा डोंगा

धनराज डोंग्यात उभा राहिला नसता, तर इस्तारीभाऊंनी फोटोसाठी आणलेले तिन्ही पक्षांचे दुपट्टे कोरडे राहिले असते. पण गावात फोटो स्टुडिओ एकट्या धनराजचा, आणि उमेदवारीच्या फोटोत पाणी, तळ्याची पाळ आणि इस्तारीभाऊ हे सगळं यायलाच हवं असं त्याचं मत. तो एक पाय मागे घेऊन जरासा वाकला. डोंगा निमूटपणे आडवा झाला.

आता बुडायचं, म्हणून धनराजनं डोळे मिटले. बुडणं काही येईना. डोळे उघडले, तर तळ्याच्या ऐन मधोमध पाणी कमरेएवढं, आणि पायाखाली गुडघाभर मऊ गाळ. शेजारी इस्तारीभाऊ उभे, एसटीची वाट पाहावी तसे.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "माह्या बापाच्या वक्ती इथी बांबू तळाले लागत नोता."

पंचायत समितीचं तिकीट त्यांना हवं होतं ते या गाळापायी. तळं भरत आलं, मासे रोडावले, सांगून सांगून जीभ झिजली. मग आपणच निवडून जावं, असं एका पहाटे जाळं टाकताना त्यांच्या मनात आलं, आणि तेव्हापासून ते हलक्या आवाजात एकच स्वप्न सांगत. गाळ निघून धानाच्या बांध्यांत गेलाय. पाणी खोल, काळंशार झालंय. आणि नाहीसे झालेले मासे, दिवाळीला माहेरवाशिणी याव्यात तसे, एकेक करून आपणहून परत येतायत. हे ऐकताना धनराजला खिशातला मोबाईलसुद्धा आठवत नसे.

"पण तीन पक्षाले काऊन मांगता?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"पाणी तीनकडून येते, अन् मी एकाच तोंडाशी जाळं लावून बसू काय?"

इस्तारीभाऊंच्या घरी कुंताबाईंनी दुपट्टे पिळले. एकाचा रंग दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला लागून तिन्ही वांग्याच्या भरतासारखे झाले होते. "घ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता कोनताबी घाला. कोनी ओळखत नाई."

मुलाखती त्याच दिवशी होत्या. पहिला पक्ष राईस मिलच्या माडीवर बसे.

"हा दुपट्टा कोणाचा?"

"तुमचाच होता, साहेब. तळ्यात पडला."

दुसरा पक्ष मंगल कार्यालयात, तिसरा किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत. तिथंही हेच उत्तर, आणि मागोमाग तेच स्वप्न. मंगल कार्यालयात तर अध्यक्षसाहेब हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहिले. पंख्याच्या सावल्या फरशीवर माशांसारख्या फिरत होत्या, आणि दाराशी थांबलेल्या धनराजला वाटलं, पाणी आता खुर्च्यांपर्यंत आलं. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि सगळं ओसरलं.

संध्याकाळी तिन्ही पक्षांचे लोक रोजच्यासारखे एकाच टपरीवर चहाला जमले. कोणीतरी तळ्याचा विषय काढला आणि इस्तारीभाऊंनी तिघांकडेही तिकीट मागितलंय हे तिघांनाही एकदमच कळलं. "इस्तारी मानूस चांगला," प्रत्येकानं मान हलवली, "पण निष्ठा पाह्यजे ना भाऊ."

मग तिकिटं जाहीर झाली. राईस मिलवाल्यांचं तिकीट कालपर्यंत मंगल कार्यालयात सतरंजीवर बसणाऱ्याला, मंगल कार्यालयाचं किराणावाल्याला, आणि किराणावाल्यांचं राईस मिलच्या मालकाच्या सख्ख्या साडूला.

दुसऱ्या पहाटे डोंगा धुक्यात निघाला. धनराज दोन्ही कडा घट्ट धरून बसला होता. पाळ दिसत नव्हती, गाव दिसत नव्हतं. आभाळावरून चाललोय की पाण्यावरून, तेही समजत नव्हतं. इस्तारीभाऊ बांबू रेटत होते. त्यांना दुखावणार नाही असं काहीतरी बोलावं म्हणून धनराजनं बराच विचार केला, आणि नेमकं दुखेल तेच विचारलं.

"इस्तारीभाऊ, तिकीट तं गेलं. आता गाळ कोन काढन?"

इस्तारीभाऊंनी बांबू वर ओढला. टोकाचा काळा चिखल पाण्यात हळूहळू विरघळताना पाहिला.

"जो निवडून येईन त्याले या डोंग्यात बसवू, अन् तू फोटो काढाले उभा राह्यजो."