कापडावरचं धरण

धरणाच्या योजनेवरचे एक साहेब पोलादपूरहून डोंगर चढून आमच्या वाडीत आले आणि देवळाच्या भिंतीवर त्यांनी एक रंगवलेलं कापड टांगलं. त्यावर आमचंच खोरं होतं, पण ओळखू येईना. खाली निळंशार तळं, काठाने विजेचे खांब, घराघरात दिवा. पुढच्या पिढीचं खोरं हे असं, साहेब म्हणाले. मी तेव्हा परकरी पोर. त्यात आमचं घर कुठलं ते बोट फिरवून शोधत बसले. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

खरी मेख पुढे होती. डोंगर नांगरला की माती वाहून येणार, तळं बुजणार. म्हणून उतारावरची नाचणी-वरीची शेतं आतापासूनच सोडा, रान वाढू द्या, असं त्यांचं म्हणणं. आमचं पोट त्याच नाचणीवर. लोक कुरकुरले. पण माझे वडील वाडीचे गावकर, सगळे त्यांचंच ऐकायचे, आणि ते त्या कापडावर असे भाळले की विचारू नका. पोरांच्या हातातला कोयता सुटेल, म्हणत घरोघर फिरले. शेवटी त्यांनी सगळ्या वाडीला देवापुढे बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावली, की त्या डोंगरात नांगर घालणार नाही. साहेब कौतुकाने बघत होते. त्यांनी काही उचललं नाही, आणि तुम्हीही उचला म्हणायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कसले भोळे आम्ही!

रान माजलं. धरणाचा पत्ता नाही. घरात कंदमुळं उकडायची पाळी आली, तेव्हा वडील मला घेऊन महाडला साहेबांच्या कचेरीत गेले. साहेबांनी चहा मागवला. योजना केव्हाच बारगळली होती, सरकारच्या मनात आता दुसरंच खोरं होतं. तुम्हाला कळवायचं राहून गेलं, म्हणाले. आमचा विश्वासघात झाला, आणि तोही चहा पाजून.

"मग नांगरा की परत," साहेब म्हणाले. "सरकारची हरकत नाही काही."

"आमी बेलभंडार उचललाय, सायेब."

"अहो, ते नुसतं चित्र होतं."

वडिलांनी कप तसाच ठेवला.

डोंगरात कुणीच नांगर घातला नाही. देवापुढचा शब्द मोडणार कोण? दिवाळीनंतर प्रत्येक घरातला एकेक गडी मुंबईला निघाला. वडील पायवाटेच्या तोंडाशी उभे राहून जाणाऱ्याला "सांभाळून रे" म्हणायचे. त्यांना उलट "येतो" कुणी म्हटलं नाही. सगळ्यांत शेवटी माझा थोरला भाऊ गेला. तोही बोलला नाही.