मोहाच्या झाडाचं अंगण

पवनानगरच्या रस्त्यावर मी वडाप जीप चालवतो. तिच्यात एकदा एकवीस माणसं, दोन बोकड आणि एक शिलाई मशीन बसवलं होतं, आणि तरी मागं एकजण पाय पसरून घोरत होता. हे ज्याला पटत नसेल त्यानं इथंच उतरावं. पुढं वणवा आहे, आणि तो याहून भारी आहे.

आमच्या मावळात शिमगा झाला की डोंगर पेटतात. कुणाची बिडी पडते, पण बहुतेकदा काडी मुद्दाम लावलेली असते. जुनं गवत जाळलं की नवं जोमानं येतं, ही आम्हा शेतकऱ्यांची बापजाद्यांपासूनची समजूत.

त्या दुपारी पुढच्या सीटवर दोघं होते. एक आमच्या गावचे आबा. दुसरी ठाकरवाडीची मावशी, बाजार करून निघालेली. मावशी बसली की मला हॉर्न लागत नाही. ती नुसती "सर की रं" म्हणाली तरी समोरची एसटी नाल्यात उतरते.

वळणावर डोंगरातून धूर दिसला. आबा लगेच बाहेर बघायला लागले, पण दुसऱ्या बाजूला.

"आबा, सकाळी माळावर तुमी हुता न्हवं?" मावशीनं विचारलं.

"इजवून आलो की मी!"

"इजवून, का वाऱ्याला राखण बसवून?"

धूर सरकत होता मावशीच्या मोहाच्या झाडाकडं. ठाकरवाडीत कुठला मोह कुठल्या घरानं वेचायचा हे ठरलेलं आहे, आणि हा तिच्या सासूच्या सासूपासून तिच्या घराचा. फुलं वाळवून भाकरीत घालायची, बियांचं तेल काढायचं, त्यावर घरची फोडणी. तो गेला असता तर दुसरा लावून त्याची फुलं वेचायला नातवंडांचे केस पिकले असते.

"थांबव गाडी! उतरा समदे!"

सगळे उतरले. बोकड असते तर तेही उतरले असते. आग झोडपायला ओली डहाळी लागते, म्हणून मी जवळची फांदी धरली.

"जांभळाला हात लावशील तर बघ!"

दुसरी धरली. "हिरडा हाय त्यो!" तिसरी. "डोळं फुटलं का, आंबा दिसंना?"

इकडं वणव्यानं माझ्या मिशीची डावी बाजू नेली आणि मी बाईला अर्ज करत उभा. "मग कशाची तोडू, मावशे?"

"वढ्यातली निरगुडी तोड की! तिचं कुनाला काय पडलंय?"

निरगुडी घेऊन आम्ही असे तुटून पडलो की धूर लोणावळ्यात पोचला आणि तिकडच्या पर्यटकांनी धुकं समजून फोटो काढले. सगळ्यात जास्त झोडपलं आबांनी. पागोटं गेलं, धोतराचा सोगा गेला, तरी हटले नाहीत. मावशी मात्र आगीकडं बघतसुद्धा नव्हती. ती झाडाखाली वाकून दोन्ही हातांनी पाला ओढत होती.

फुलं पडायच्या आधी मोहाखाली साफ करावं लागतं. बरेचजण पाला पेटवून देतात, एका काडीत काम. मावशी झाडते. घरापुढं नसेल एवढं लखलखीत अंगण तिच्या मोहाखाली असतं. पण त्या दिवशी बाजार होता, म्हणून अर्धंच झाडून झालेलं. झाडलेल्या अर्ध्यात वणवा आला, जळायला काही मिळेना, आणि निमूट विझला. उरलेल्या अर्ध्यातनं मात्र खोडाला चाटून गेला.

आग विझली. मावशीनं विळ्यानं साल खरवडली. एका बाजूला हिरवी, ओली. दुसऱ्या बाजूला काळी, कोरडी. मावशी बोलत नाही हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि वणव्याला नव्हतो भ्यालो तेवढा भ्यालो.

आबा दबकत म्हणाले, "आता काय जगतंय हे. तोडून टाक, जळन तरी हुईल."

"तुमचा एक गुडघा गेलाय न्हवं, आबा? तुमाला कुनी तोडलं का?"

त्या साली फूल आलंच नाही. मावशीच्या घरी दुकानातलं तेल आलं. त्याला तिनं ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून डबा वाकडा झाला. बुंध्याला शेळ्या लागू नयेत म्हणून तिनं करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

यंदा शिमग्याच्या आधीच आबा विळा घेऊन हजर. मोहाभोवतीचं गवत त्यांनी कापलं आणि भारा बांधून गुरांना नेलं. माळ पेटवला नाही. मावशी वरनं सांगत होती, "तितं राहिलंय, आबा. गुडघा दुखतोय का?"

परवा पहाटे पहिल्या फेरीला निघालो, तर मोहाखाली फुलांचा सडा. पण अर्ध्याच झाडाखाली. जळकी बाजू तशीच कोरडी, तिच्यावर एक कळी नाही. मावशी त्या फांद्यांखाली खराटा मारत होती.

"मावशे, हितं कशाला झाडतीस? हितं काय पडनार?"

तिनं मान वर केली नाही.

"आन पुढल्या साली पडलं, तर मातीतनं येचू का?"