तोफ गोड बोलली तेव्हा

आमच्यासारख्या बऱ्या न होणाऱ्या पोरांवर लोक कादंबऱ्या लिहितात. आमच्या निवासी शाळेच्या वाचनालयात तसली एक आहे, कुणीतरी भेट दिलेली. तिच्यातली मुलं खिडकीशी बसून शहाण्यासारखं बोलतात आणि हसत हसत मरतात. मेट्रन तर नुसती मायेची खाण. लिहिणाऱ्याला आमच्या मेट्रनबाईंच्या तावडीत आठवडाभर द्यायला हवं होतं, सगळी कादंबरी नाकातून बाहेर आली असती.

मेट्रनबाईंना आम्ही पाठीमागे तोफ म्हणतो. नवऱ्याने टाकल्यावर एका मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून ती इथे आली आणि इथलीच झाली. चादरी ठेवायच्या खोलीमागे तिची खोली. पाय सुजलेले, चपला घासत चालते, पण कुणाची चादर विस्कटलेली आहे ते तिला जिन्यातूनच कळतं. नाकात ऑक्सिजनची नळी असली तरी आपली चादर आपणच घडी करायची. "श्वास घेता येतो ना? मग घडीही घालता येते," हे तिचं ठरलेलं. मला ती कधीच आवडली नाही, आणि तिलाही त्याचं सोयरसुतक नव्हतं.

पण एक होतं. या शाळेत कुणाचं दुखणं शेवटाला आलं की डॉक्टर आधी मोठ्यांना सांगतात, आणि मोठ्यांना ते लपवता येत नाही. गणिताचे सर 'बाळा' म्हणायला लागतात. गृहपाठ माफ होतो. स्वयंपाकीण न मागता दुधावरची साय वाढते. आम्ही त्यावरून ओळखतो. तोफ मात्र शेवटच्या दिवसापर्यंत सगळ्यांना सारखंच झोडपायची. म्हणून तिच्या शिव्या खाल्ल्या की आम्हाला निवांत झोप लागायची. तोफ ओरडतेय म्हणजे आपण अजून आहोत.

माझ्या शेजारच्या खाटेवर वकीलबाई होती. आम्हीच ठेवलेलं नाव. गोळ्या जेवणाआधी की नंतर, यावरसुद्धा ती वाद घालायची. एका सकाळी तिने ओला टॉवेल खाटेवरच टाकला होता. तोफ आली. आम्ही मनातल्या मनात कान झाकले. तोफेने टॉवेल उचलला, स्वतः दोरीवर वाळत घातला आणि म्हणाली, "असू दे गं, राहतं कधीकधी."

वकीलबाईचं तोंड पांढरंफटक पडलं. ती भिंतीकडे वळली. दुपारी जेवली नाही, गोळ्या उशीखाली सारल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिची आई भेटायला येणार होती, तर म्हणे येऊ नको म्हणून कळवा. जी गोळ्यांवरून भांडायची तिच्या तोंडून शब्द निघेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी थेट चादरींच्या खोलीत गेले.

तोफ उशीचे अभ्रे शिवत बसली होती. मी दारातूनच विचारलं, "वकीलबाईचं संपत आलंय का?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. टॉवेल उचललात ना."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने सुई अभ्र्यात खोचली. "हो," ती म्हणाली. "औषधं लागू पडेनात. माझा हात चुकून गेला गं. वय झालं माझं."

"मग निस्तरा आता. ती जेवत नाहीये. आई आली तर तिच्याशी बोलणारसुद्धा नाही."

मला तेव्हा तिची जराही दया आली नाही. आयुष्यभर तोंड आवरलं नाही आणि नेमकं तिथेच आवरलं.

संध्याकाळी ताटं लागली आणि जिन्यातूनच तोफ धडधडायला लागली. "महाराणी, ताट कुणाच्या बापासाठी झाकून ठेवलंय? दोन दिवस माझी दाढ ठणकत होती म्हणून तोंड उघडलं नाही, तर डोक्यावर मिऱ्या वाटायला लागलात? हा टॉवेल बघ, सुकून कडक झाला, उचलायला नोकर येणार आहेत का?" तिने उशी उचलून गोळ्या शोधून काढल्या, वर आणखी दहा शब्द सुनावले.

वकीलबाई उठून बसली. आधी डोळे पुसले, मग म्हणाली की दाढ दुखण्याची शिक्षा इतरांना देता येत नाही. तोफ म्हणाली, जास्त कायदा शिकवू नकोस, घास घे. वकीलबाईने घास घेतला. तोफ दाराबाहेर जाईपर्यंत ती हसायलाही लागली होती.

आई आली तेव्हा तिच्याशी ती पोटभर भांडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत गेली. शेवटपर्यंत तिला वाटत होतं की तिचं अजून बरंच बाकी आहे.

काल मी बूट वाटेत काढून ठेवले, तर तोफेने माझी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी खरडपट्टी काढली. लाज नाही, शिस्त नाही, सगळं काढलं. मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. राग अगदी खरा वाटत होता. वकीलबाईलाही तो खराच वाटला होता.