स्थगितीबाईंची लेक

कोर्टात सगळे त्यांना स्थगितीबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. कुणाच्या घरावर बुलडोझर निघाला, कुणाच्या छापखान्याला सील ठोकलं, कुणाला आरोप न सांगताच कोठडीत डांबलं, की बाई काळा कोट चढवून स्थगिती मागायला हजर. सरकारी वकिलांच्या नाकी नऊ यायचे.

माणसाच्या दाराच्या आत त्याच्या परवानगीशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, हे बाईंचं तत्त्व. आणि बाईंचं तत्त्व म्हणजे घरच्यांचीही सुटका नाही. मुलगी सहा वर्षांची असल्यापासून तिच्या खोलीत शिरण्याआधी बाई दार वाजवत. आत पोरगी बाहुलीला निजवत बसलेली असायची. "येऊ का?" असं आईनेच विचारलं की ती आधी गोंधळायची, मग हसायची. शेजारीण एकदा म्हणाली, अहो, स्वतःच्या पोरीची कसली परवानगी मागता? तर बाईंनी उभ्या उभ्या तिलाच कायदा समजावला. बिचारी साखर मागायला आली होती.

नवरा लवकर गेला. घरात दोघीच राहिल्या.

कॉलेज संपलं तशी मुलगी एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दूरच्या शहरात नोकरी मिळतेय, जाऊ का, म्हणाली. बाईंनी तव्यावरची पोळी उगाच दोनदा उलटली. पण बोलली ती त्यांच्यातली वकील.

"तो तुझा हक्क आहे. तुला अडवणारी मी कोण?"

"बरं," मुलगी म्हणाली. मग बॅग भरायला गेली. आपण किती मोठ्या मनाने वागलो, असं बाईंना वाटलं, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तेव्हापासून लेकीची आठवण भलत्या वेळी यायची. भर युक्तिवादात मागच्या बाकावर कुणी तिच्यासारखं खाकरलं की बाईंचा शब्द हरवायचा. चहाला आधण दोन कपांचं ठेवलं जायचं आणि दुसरा कप बाई थंड झाल्यावर पिऊन टाकायच्या. फोनवर "कधी येतेस?" हे ओठांवर यायचं आणि बाई ते गिळायच्या. विचारलं म्हणजे पोरीवर दडपण आलंच, असं त्यांचं आपलं म्हणणं. दडपण कसलं डोंबलाचं! लेकीला आई हवी असते, न्यायाधीश नाही, पण हे बाईंना सांगणार कोण?

मग शिंप्याच्या खटल्याचा शेवटचा दिवस उजाडला. सरकारला रस्ता रुंद करायला म्हाताऱ्या शिंपीकाकांचं घर हवं होतं, आणि बाई तो खटला वर्षानुवर्षं लढवत होत्या. न्यायाधीशांनी थेट काकांनाच विचारलं, की बदल्यात याहून मोठं घर मिळतंय, मग अडचण काय? बाईंनी पढवलेलं सगळं काका साफ विसरले.

"मला ते सोडवत नाही, साहेब," एवढंच म्हणाले आणि रडू लागले.

बाईंनी कपाळाला हात लावला. निकाल काकांच्या बाजूने लागला, तोही घर रिकामं करण्याची नोटीस बेकायदा होती म्हणून. काकांच्या रडण्याचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. पण घरी येईपर्यंत बाईंच्या कानात तेच घुमत राहिलं.

कोट काढतात तोच लेकीचा फोन आला. कंपनी परदेशात पाठवतेय, म्हणाली, कायमचं. मग तिनेच विचारलं, "तुला काय वाटतं?"

"तो तुझा..." बाईंनी सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. "जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मला तू हवी आहेस. मला करमत नाही गं तुझ्याशिवाय."

"आई, मी कालच सही केली."

बाईंनी आजवर कितीतरी लोकांच्या सह्या कोर्टात रद्द करून घेतल्या होत्या. सही करताना कुणाचा दबाव होता का, हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. इथे तो विचारण्यात अर्थ नव्हता. लेकीवर कुणी जबरदस्ती केली नव्हती, आणि थांब असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"आई," लेकीचा आवाज अगदी बारीक झाला, "परत एकदा म्हण ना."

"जाऊ नकोस," बाई म्हणाल्या, आणि लेक फोन न ठेवता ऐकत राहिली.