कडी आणि चकती

चाकाच्या बाबतीत मला कोणी शिकवावं, असा माणूस आमच्या मोहाडी तालुक्यात नव्हता. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं बापानं काढलं आणि गाड्यांच्या कामाला लावलं. लोखंडी धाव तापवून चाकावर चढवणं, आस बदलणं, आरे बसवणं, शेतीसोबत जन्मभर हेच केलं.

ऐंशीच्या पुढचं एखादं साल असेल. थोरली पोरगी बारावीत होती, सायन्सला. एसटीनं मोहाडीला जायची. दिवाळी झाली आणि गावात मंडईची जत्रा भरली. आमच्या झाडीपट्टीत मंडईला पाहुणे येतात, रात्री दंडारीचा खेळ पाहतात आणि जाता जाता सोयरिकी पक्क्या करतात. माझा मोठा साळा लाखांदुराकडून आला तो त्याच कामानं. त्यानं मुलगा हेरून ठेवला होता. माघात लग्न करा म्हणत होता. मी नुसतं "पाहू" म्हटलं होतं. त्यानं ते होकारात धरलं आणि मुलाकडच्यांना कळवूनही टाकलं. मागं फिरावं तर साळ्याची मान खाली जाते, पुढं जावं तर पोरीची बारावी अर्धी राहते. कोणाला काय सांगावं, सुचत नव्हतं.

ओसरीवर पाहुणे बसलेले. पोरगी खांबाला टेकून दिवाळीचा अभ्यास करत होती. एकाच गणितावर अडली होती.

"काय लिहून राहिली वं एवढं?" साळ्यानं विचारलं.

"मामाजी, एक कडी अन् एक चकती, सारख्या मापाची, सारख्या वजनाची. उतारावरून संगच सोडल्या तं खाली आधी कोण पोचन, अन् काहून?"

मी सुपारी कातरत होतो. मान वर न करता बोललो, "दोन्ही संगच. यात लिहाचं काय?"

"नाही बाबा, चकती आधी येते. तेवढं समजते मले. मांडतानी अडून राहिली."

"वजन सारखं, माप सारखं, मंग एक आधी काहून येईन?"

"वजनाचं कामच नाही बाबा त्यात. दोन्हीकडून ते कटते."

"वजन कटते? कटाले तो धानाचा बांध आहे का?"

पाहुणे हसले. साळ्याला तेवढंच पाहिजे होतं. "भाऊजी, जन्म गेला तुमचा चाकात, अन् पोरगी तुमाले चाक शिकवून राहिली. शिकवा, अजून शिकवा!"

ते मला झोंबलं. तोंडातून गेलं, "उद्या सकाळी आंगणात सोडून दाखवतो. दोन्ही संग आल्या तं पुस्तकं बंद, माघात लगन. चकती आधी आली तं पोरगी म्हणन तेथपर्यंत शिकन."

सगळ्यांनी ऐकलं. पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. तिची आई दारात येऊन उभी झाली आणि आत गेली.

चाकाच्या मधल्या तुंब्यावर बसते तशी एक लोखंडी कडी माझ्याकडे पडली होती. बिजाच्या झाडाच्या लाकडाची तेवढीच चकती कापली. दुकानातून तराजू आणला आणि काटा बरोबर येईपर्यंत लाकूड तासलं. तासताना पोरगी जवळ येऊन बसली. तिचं मांडून झालं होतं.

"बाबा, कडीचं सारं वजन काठावर हाये. उताराचं बळ तिले फिरवण्यातच जास्त जाते, पुढं पळाले कमी उरते. चकतीचं वजन मधातही हाये."

मी म्हटलं, "जा, चहा ठेव." पण ते मनात राहिलं. जाड धावेचं चाक उचलून फिरवायला जड जातं, हे हाताला माहीत होतंच.

दुसऱ्या दिवशी पाहुणे उठायच्या आत मी आंगणात गेलो. सोडलेली गाडी जू टेकून उभी होती. तिच्या फळ्यांचा मागून पुढं सरळ उतार होतो. दोन्ही धरल्या आणि सोडल्या. चकती खाली पोचली तेव्हा कडी हातभर मागं होती. बाजू बदलून सोडल्या. तेच. पुन्हा सोडल्या. तेच. जू धरून उभा राहिलो. आपल्याच आंगणात कोणीतरी कोंडून वरून कडी घालावी, तसं झालं. हरलो तर गाव म्हणणार, चाकवाल्याला चाक कळत नाही. जिंकायचं तर सोपं होतं. कडी किंचित आधी सोडायची, कोणाच्या डोळ्याला दिसलं नसतं. मग पोरगी माघात लाखांदुराकडे. मला चौथीतून काढलं तेव्हा कोणी असं कडी-चकती सोडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

ऊन आलं तशी माणसं जमली. मी साळ्याला म्हटलं, "तुमी सोडा."

"नाही भाऊजी, तुमीच. तुमच्या हातावर आमचा इश्वास हाये."

झालं, तीही वाट बंद. उजव्या हातात कडी, डाव्या हातात चकती. पोरगी जूजवळ उभी होती. माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती, बोटांकडे पाहत होती. मी दोन्ही हात एकदमच उघडले.

चकती आधी गेली. कडी हातभर मागं.

साळा पुढं आला आणि समजुतीनं म्हणाला, "कडी अटकली असन बोटाले. पुन्हा सोडा, काही होत नाही."

तो मला वाटच करून देत होता. पुन्हा सोडली असती तर काय झालं असतं, मी सांगू शकत नाही. पण मला त्याचं पहिलंच वाक्य लागलं.

"माह्या बोटाले लोखंड अटकत नाही," मी म्हटलं. "शब्द देला तो देला. पोरगी शिकन."

साळा दंडार न पाहताच दुपारच्या एसटीनं गेला. भावाचा अपमान झाला म्हणून तिची आई बरेच दिवस माझं ताट पोरीच्या हातून पाठवत होती. मुलाकडच्यांना काय सांगायचं, हे ओझं माझ्याच डोक्यावर राहिलं. लाखांदुराच्या बाजाराला जाणं मी सोडलं ते सोडलंच.

त्याच दिवशी पोरगी गाडीच्या फळ्यांवर बसून गणित उतरवत होती. मी जवळून चाललो तर म्हणाली, "बाबा, लिहू का, दोन्ही संगच येतात म्हणून?"

"चकती आधी येते असंच लिही," मी म्हटलं. "अन् खाली लिही, फळ्या कडीकडच्या अंगाले उखडल्या होत्या."

ती हसली. तिनं ते लिहिलं नाही. फळ्या उखडल्या होत्या, असं मी आजही म्हणतो.